मधलं माप

मंगळवार, दिवेलागणीला

गुरं चारा छावणीत गेल्यापासून डेअरीला दूध घालणं बंद आहे. हात रिकामे, म्हणून युकुलेले, ते चार तारांचं छोटं गिटार, शिकायचं ठरवलं. धारा काढून काढून माझी बोटं जाड झालीत. म्हणून लहान मापाचं सोप्रानो नको, मधलं कॉन्सर्टच आणा, असं नवऱ्याला किती वेळा सांगितलं! यांनी मान डोलावली. आणि आज अंबाजोगाईहून सोप्रानोच आणलं. एक तार दाबली की शेजारचीही दबते.

"मधलं नव्हतं का?"

"व्हतं की. पन तू चार दिसांत सोडून देशील. मग नातीला खेळाया व्हईल."

म्हणजे मान डोलावली, तेव्हाच हे ठरलं होतं? मी सोडून देईन म्हणे. ही बोटं कशानं जाड झाली? लग्न झाल्यापासून एक तरी धार चुकवली का मी?