कडुनिंबावरची अळी

१२ सप्टेंबर १९३३

छापून आलं! शेतकीच्या मासिकात चार पानं. वर मार्तंडचं नाव, शेवटी कीटकखात्याच्या साहेबांचे आभार. माझं नाव कुठेच नाही. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात – इथे घेणार. मार्तंड, मार्तंड, मार्तंड! कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि अळीला हात लावायची ह्याला किळस.

सासूबाईंच्या काढ्यासाठी गुळवेल तोडताना अळी मला दिसली. लोणच्याच्या बरण्यांत मी ती वाढवली. कोशातून पतंग निघाला तो संत्र्यात सोंड खुपसून रस पिणारा. बगीचेवाले ज्याने हैराण झालेत, तेच भोक, तीच फळगळ! सगळे संत्र्याच्या झाडावर अळी शोधून थकले, कारण ती तिथे नसतेच. हे मी ह्याला ताटावर बसलेला असताना सांगितलं. हात धुऊन लिहायलाच बसला मेला.

१३ सप्टेंबर

विचारलं. म्हणाला, "बायकोचं नाव घातलं तर लोक हसतील. घरात काय तुझं-माझं?" बरण्या घासायच्या तेव्हा मात्र तुझ्या!

२० सप्टेंबर

लेख आज नीट वाचला. ह्याने लिहिलंय, अळी कडुनिंबाचा पाला खाते! काढ्याला निंबावर चढलेला गुळवेल चांगला, म्हणून मी तो तिथून तोडला होता. अळी वेलावर होती. निंबाचा पाला घातला तेव्हा सगळ्या उपाशी मेल्या, हेही सांगितलं होतं. पण बायको बोलून राहिली की ह्याचे कान भाजीत!

दुरुस्ती पाठव म्हटलं. म्हणे साहेबांनी वाहवा केली, आता ते कसं शोभेल? रात्रभर अंगाचा तिळपापड.

५ नोव्हेंबर

खात्याचा हुकूम निघाला. बगीच्यालगतचे कडुनिंब तोडा! मार्तंड पेढे घेऊन आला. मी पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं. म्हणाला, तुझा जळफळाट कळतो मला. पेढा खाल्ला नाही.

१८ सप्टेंबर १९३४

बेसाहून नत्थूजी आले. तिथे त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. अंगणात उभे. हा शूरवीर आतून बाहेर येईना, मलाच पुढे केलं.

"बाई, निंब गेला, सावली गेली. संत्रा तं गळूनच राहिला. काहून तोडाले लावला जी?"

मी विचारलं, कुंपणावर गुळवेल आहे का? खूप आहे म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला असं वाटलं नाही. का ठेवावा? छापलेलं ह्याचं.

२ ऑक्टोबर

बगीचेवाल्यांनी कचेरीत गर्दी केली. साहेब भडकलेत, मार्तंडला दोनदा बोलावलं. नोकरीवर गदा येणार म्हणून ह्याला जेवण जात नाही. बरं झालं!

९ ऑक्टोबर

आज एकाएकी साखर पेरून राहिला. वेणी आणली. "तुझं नाव छापून यावं असं तुला वाटत होतं ना?" मी वेणी तशीच कोनाड्यात ठेवली. हा माणूस फुकट फूल आणत नाही.

५ नोव्हेंबर

आलं माझं नाव मासिकात. पहिल्यांदाच. "सदर लेखातील सर्व निरीक्षणे माझी पत्नी सौ. सुहासिनी हिची असून ती मी विश्वासाने छापली. चूक तिची आहे." खाली मार्तंडची सही.

दुपारपर्यंत रडले. मग पुन्हा वाचलं. सर्व निरीक्षणे – सर्व!

१२ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात बेसाला जाऊन नत्थूजींच्या कुंपणावरून अळ्या आणल्या. एका बरणीत निंबाचा पाला, दुसरीत गुळवेल. एकीतल्या मरून राहिल्या, दुसरीतल्या खाऊन राहिल्या. उद्या टांगा सांगितला आहे, दोन्ही बरण्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार. चूक कोणाची ते अळ्या दाखवतील. बाकी सगळं माझं, हे मार्तंडने स्वतःच छापून दिलंय.