बत्तीस गेले, चौसष्ट आले

३ मार्च, मंगळवार

आजही व्हिडिओ कॉलला तेच. आमच्या पडद्यावर मावशी लख्ख, आणि तिच्या पडद्यावर आम्ही म्हणजे नुसता काळा चौकोन. आवाज जातो, चेहरा जात नाही. दीडेक महिना हेच चाललंय. "ताई, अंधारात का बसतेस गं?" आईला म्हणाली.

शनिवारी, चौदाला, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन. नंतर किती दिसेल ते डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. "दिसतंय तोवर एकदा ताईचं तोंड बघू दे." एवढंच मागितलं बिचारीनं.

मोबाइलवरून लावू म्हटलं तर आईला तो एवढासा पडदा नको. कॅमेऱ्यावर धूळ असेल म्हणून बघायला उठले, तर म्हणाली, "पुसला मी. काही नाही त्यात."

४ मार्च, बुधवार

ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला त्या दुकानदाराला फोन. "मॅडम, तुमची सिस्टिम बत्तीस बिटची. बत्तीसला आता कोणी विचारत नाही, कॅमेरा कसा चालेल? मशीन चौसष्टचं आहे. चौसष्ट टाका." म्हणजे मशीन इतकी वर्षं अर्ध्या ताकदीनं चाललं — नवऱ्यासारखं. (त्याला सांगितलं नाही.)

नीट समजावं म्हणून मोठ्यानं विचारलं, "म्हणजे बत्तीसच्या बत्तीस काढून टाकायचे?" तर आतून आई — "काढलेत की सगळे! आता काय हिरड्या काढतेस?"

तिची कवळी अजून तयार व्हायचीय. तोवर तोंडावर हात धरून बोलते, आम्ही अर्धं अंदाजानं ऐकतो.

जुन्यावर नवं चढत नाही म्हणे. सगळं पुसायचं, मग बसवायचं. मीच करणार. ठरलं.

६ मार्च, शुक्रवार

पुसण्याआधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. नवऱ्याची बिलं, माझ्या शाळेचे पेपर, फोटो. फोटोंपाशी अडकले, संध्याकाळ तिथंच गेली. एकात आई खो खो हसतेय. दाखवला. बराच वेळ बघत राहिली. "चांगले होते गं," म्हणाली. खरंच, चांगले होते ते दिवस.

७ मार्च, शनिवार

पुसलं! नवरा मागे उभा.

"गेलं?"

"गेलं."

"सगळं?"

"सगळं."

न सांगता चहा करून आणला त्यानं. प्रसंग गंभीर आहे हे तेव्हा मला कळलं.

८ मार्च, रविवार

नवी सिस्टिम बसली. दिसायला हुबेहूब जुनी! नवरा म्हणाला, "एवढं करून तेच आणलंस?" त्याला कोण समजावणार. प्रिंटर रुसलाय, त्याला चौसष्टची भाषा येत नाही.

आणि कॅमेरा — काळा. ढिम्म.

रडूच आलं. आईनं पाठीवर हात फिरवला. "घाई करू नकोस. सावकाश, नीट कर. गुरुवारपर्यंत झालं तरी चालेल." जन्मभर "आटप लवकर" ऐकत आले आणि आज सावकाश! माझ्या कामाची किंमत कळलेली दिसते.

१० मार्च, मंगळवार

प्रिंटर बोलायला लागला. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, काढला, टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. दुकानदार म्हणाला, "मग कॅमेराच गेला असेल. उद्या माणूस पाठवतो, नवा लावून देईल." आईनं माझ्या हातातून फोनच घेतला. "नको. माझी मुलगी करतेय ना?"

ऊर भरून आला.

११ मार्च, बुधवार

मावशीचा फोन. "राहू दे गं. आवाज ऐकला, पुरे." आई त्यानंतर धड जेवलीही नाही. माझा अभिमान गेला खड्ड्यात, उद्या नवा कॅमेरा आणणार.

१२ मार्च, गुरुवार

आईची कवळी आली! नवऱ्यानं दवाखान्यातून आणलं तिला. आल्यापासून आरशापुढून हलत नाही. हसते, तोंड मिटते, पुन्हा हसते. "स"चा "श" होतोय, चार दिवसांत जाईल म्हणे.

मी पिशवी घेऊन कॅमेरा आणायला निघाले, तर म्हणाली, "कुठं चाललीश? मावशीला लाव."

"अगं, कॅमेरा —"

"लाव म्हणते ना."

१२ मार्च, संध्याकाळ

कॅमेऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. आईनं मॉनिटरच्या वरच्या कडेला नखानं खरवडलं आणि नवऱ्याच्या हत्यारांच्या डब्यातल्या काळ्या चिकटपट्टीचा एक बारकासा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. काळ्यावर काळा. दात काढले त्या दिवसापासून तिथं होता. "तिला शेवटचं दिशायचं तर बोळकं घेऊन कशाला दिशू?" म्हणाली.

मावशीनं पडद्याला नाक लावून बघितलं. "ताई, तश्शीच आहेस गं." आई हसली — बत्तीसच्या बत्तीस दाखवून.