प्रतिध्वनीशी युद्ध

१९ जुलै ९९, सोम.
माझ्या कादंबरीचं आठवं प्रकरण साप्ताहिकात आलं. बेडकांचा राजा विहिरीत वाकून ओरडतो, 'भ्याड!' खालून तेच परत येतं. राजा पेटतो, प्रतिध्वनीशी युद्ध पुकारतो. आता प्रजेनं रोज विहिरीत ओरडायचं. ज्याचा आवाज बारीक तो फितूर. शेवटी बारीक आवाजाच्या एका बेडकाला काठावर उभं केलंय.
हमीदभाईंच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात वाचून दाखवलं. घशाच्या ऑपरेशनपासून त्यांना आवाज नाही, नुसती हवा येते. टेबल बडवून हसले.
बाहेर चौकात सीमेवरच्या लढाईवरून शत्रूचा पुतळा जाळणं चालू होतं. जाळून झाल्यावर तीच मंडळी भज्यांच्या गाडीवर.

२ ऑगस्ट
बाजारपेठेत बबनशेठ भेटले, गणपती मंडळाचे अध्यक्ष. म्हणे, सर, अंगावर काटा आला, यंदाचा देखावा तुमच्या विहिरीचा! म्हटलं, अहो, ती टिंगल आहे. "असू दे. जोश हाय ना!"
शी. नववं प्रकरण अडलंय.

१५ सप्टें.
देखावा पाहिला. थर्माकोलची विहीर, वर मान हलवणारा राजा, डोक्यावर फौजी टोपी. लोकांनी आत ओरडायचं, जेवढा आवाज तेवढे दिवे. बाप्पापुढे शुकशुकाट, विहिरीला रांग. पोलादपूरहून हिचे भाऊ आले, तेही ओरडले, सगळे दिवे लागले म्हणून खूश.
माझा सत्कार. शाल, नारळ. घेतला! स्वतःचीच किळस आली.

१७ सप्टें.
काल आरतीनंतर हमीदभाई दरवर्षीसारखे प्रसादाला आले. हातात मोदक, आणि दोघातिघांनी त्यांना विहिरीपुढे उभं केलं. ओरडा, चाचा. घसा कापलाय हे अख्ख्या महाडला माहीत. तरी. ते वाकले, तोंड उघडलं. दिवा एक लागला नाही.
मागून कोणीतरी, "फितूर!"
केवढा हशा. शब्द माझा. बबनशेठही हसत होते, वर मलाच म्हणे मजा हो, मनावर नका घेऊ. नालायक सगळे. आणि मी? 'पुरे' म्हणालो. तेही इतकं हळू की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

२१ सप्टें.
हमीदभाईंकडे गेलो. माफीचं काढू दिलं नाही, चहा सांगितला. मग कानाशी वाकून,
"सर, त्या काठावरच्या बेडकाचा पुढं काय होतो?"
अजून लिहिलं नाही म्हटलं. ते या वेळी हसले नाहीत.
साप्ताहिकवाल्याचा फोन, दोन महिने कादंबरी बंद आहे, शनिवारी मजकूर हवाच. सकाळपासून बसलोय. झालंय एवढंच: बेडूक विहिरीत वाकला, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी