पेपरातला सटवा आणि गोठ्यातला

नेकनूर, बुधवार

तीर्थरूप साखराअक्कास,

धाकट्या सटवाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा हाय? आमी इकडं समदे खुशाल (मी सोडून).

रविवारच्या पेपरात माझ्यावर अर्धं पान आलंय, 'साखर कारखान्याचा कामगार झाला शेळ्यांचा राजा'. मी ते अकरा वेळा वाचलं. 'सव्वीस वर्षं बॉयलरपुढं घाम गाळला', हे खरं. 'पहाटे चारला उठून एकहाती गोठा सांभाळतात', इथं गडबड हाय. गोठा बबिताचा, शेळ्या तिच्या; कारखाना सुटल्यापासून मी फकस्त खाट सांभाळतो. पण चूक पेपरवाल्याची न्हाई. आपल्यातली रीत तुला ठावं हाय, पाहुण्यापुढं बाई स्वतःची बढाई मारीत न्हाई. त्यानं इचारलं, तर पदर सावरून म्हणली, "समदं ह्येच बघत्यात." आता रीतीनं मी म्हणायला पाहिजे होतं, "छ्या, समदं हिचंच हाय." पण अक्का, बशीतला चहा लई गरम होता, मी फुंकीत बसलो. फोटो नीट बघ. मी ऐटीत करडू धरलंय, अन् मागच्या समद्या शेळ्या माझ्याकडं पाठ करून भलतीकडंच बघत्यात. तिकडं, फोटोच्या भायेर, बबिता उभी होती.

सोमवारी पहाटे चारला बबितानं मला हलवलं, "उठा, पेपरात छापलंय," अन् कूस बदलून घोरायला लागली. तीन दिस झाले गं! तांबडी शेळी दुधाच्या चरवीतच पाय देती, काळीनं माझा सदरा खाल्ला (कारखान्यातल्या निरोपसमारंभाचा!), अन् दोन करडं सरपंचाच्या ओसरीवर सापडली. ती भांडली असती तर परवडलं असतं. ती हासून म्हणती, "राजे, चहा घेता का?" लाज वाटती अक्का. बबिताचं नाव निदान एका वळीत यायला पाहिजे होतं.

तुझा,
सटवा

ता.क. फोन केला असता, पण ती ऐकती. शनिवारी ये अन् समजाव तिला. तुझा शब्द ती मोडत न्हाई.

आणखी ता.क. वन्सं, मी बबिता. पाकीट चिकटवायला ह्यांनी भाताची शितं मागितली, तवाच वळखलं. ह्यांनी माझं नाव चारदा लिवलंय, मोजलं मी. पेपराचं कात्रण फ्रेम करून भिंतीला लावलंय, माणूस फोटोत बरा दिसतो. राग कवाच गेलाय. पण शनिवारी येऊ नगा, दिवाळीला या. सातपर्यंतची झोप लई ग्वाड लागती.