आयन आले की आई आल्या?

तीर्थरूप मामांना तापट भाच्याचा (हल्ली बऱ्याच निवलेल्या) नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा माझ्यावरचा राग उतरला का? कॉलेज अर्ध्यावर टाकलेल्या मला तुम्ही शब्द टाकून या प्रयोगशाळेत चिकटवलंत, त्याला गालबोट लागलं आहे. मोठ्या बाई (आमच्या प्रमुख) तुम्हाला फोन करून विचारणार आहेत, भाच्याला ठेवू की काढू. त्याआधी माझी बाजू ऐका.

माझं काम पंपांवर लक्ष ठेवणं आणि बंद दाराबाहेर बसणं. आत हवा काढून टाकलेल्या एका डब्यात लेझरच्या उजेडाने अणू अडकवतात आणि त्याच उजेडाने ते गारठून जागच्या जागी रेंगाळतात. (मी कॉलेजात काय उजेड पाडला असं बाबांनी विचारलं की मी तापतो, हे उजेडाने गार होतात!) हे सगळं मला 'तिने' सांगितलं. ती आत संशोधन करते. याहून जास्त लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. तर एवढे गार अणूसुद्धा कधीकधी एकमेकांना भिडतात. त्यातले दोघं लेझरने आधीच चेतवलेले असले, तर भिडता भिडता एकमेकांना धरूनच बसतात आणि त्या गडबडीत एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. उरलेल्या जोडीला म्हणायचं आयन. ते यंत्रात दिसावेत म्हणून सगळे कधीपासून डोळे लावून बसले होते.

परवा दुपारी आतून तिचा आवाज आला, "आयन आले! आयन आले!" जाड दारातून मला ऐकू आलं, आई आल्या, आई आल्या. तिची आई! (दारात मी बसलेलो असताना त्या आत कुठून गेल्या, हा विचार प्रेमात पडलेला माणूस करत नाही.) मी केस ओले करून बसवले, शर्ट खोचला, ट्रेमध्ये पाणी घेतलं आणि दार धाडकन उघडलं. आरसे हलले, लेझर भरकटला, अणू पसार.

"पाणी कुणाला?" ती म्हणाली.

"आईंना."

"कुणाच्या?" मोठ्या बाई कडाडल्या. माझंही डोकं सटकलं. म्हटलं, "ते पुढे ठरेल!"

पाणी शेवटी मीच प्यायलो. मग तिला विचारलं, जोडी जुळली ते ठीक, पण तो बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन जातो कुठे? त्याची कुणी चौकशी करतं का? ती हसायची थांबली आणि खडू घेऊन फळ्यापाशी गेली. मामा, तिने सांगितलेलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळेपर्यंत मला इथून हलायचं नाही.

तुमचाच,
भाचा

ता. क. मोठ्या बाईंना सांगा, मुलगा थंड डोक्याचा आहे. मामींच्या कपाटाच्या काचेचा विषय काढू नका.

आणखी ता. क. कॉलेज पुरं करीन, हेही सांगा. हे खरं आहे. (इलेक्ट्रॉनसाठी. थोडं तिच्यासाठी.)

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात आतून पुन्हा तोच ओरडा. या वेळी मी ढिम्म हललो नाही. उलट दारापाशी घुटमळणाऱ्या एका बाईंना दटावलं, "आवाज नको, आत आयन आहेत!" त्या तिच्या आई निघाल्या. 'घरी मोठं माणूस कोण?' असं त्यांनी विचारलं, मी घाबरून तुमचा नंबर दिला. तेव्हा फोन वाजला की कोणत्या बाई बोलताहेत ते आधी विचारून घ्या. मोठ्या बाईंपुढे मी थंडच बरा. आईंपुढे मात्र तसं म्हणू नका.