कुत्र्याचं नाव

एडन, संक्रांत,
ता. १४ जानेवारी १९५७

ती. स्व. हिंदुरावदादा यांस,
सगुणाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बोट काल सकाळी इथं लागली. मी सुखरूप आहे. पहिले दोन दिवस पोटात पाणी ठरत नव्हतं, आता जेवणाला नावं ठेवण्याइतकी भूक लागते. उद्या इथून जिबुतीला आणि तिथून आगगाडीनं हबसाणात, म्हणजे इथिओपियात. वहिनींच्या हळदीकुंकवाला या वर्षी मी नाही, तेव्हा चाकणच्या बायकांना बोलायला आयताच विषय मिळाला असेल. बोलू देत.

कुत्रा मजेत आहे. तू विचारणार नाहीस, तरी सांगते. त्याला वरच्या डेकवर लाकडी पिंजरा दिला होता, पण त्यात त्याचं अर्धं धूडही मावेना. बसला तरी माझ्या कमरेला लागतो, त्याला काय पिंजऱ्यात घालतात! आता साखळीनं बाहेरच बांधलेला असतो. खलाशी सगळे रत्नागिरीकडचे. पहिल्या दिवशी ते घाबरून त्याला हाकलायला लागले, तर हा शेपूट हलवत उलट त्यांच्याच अंगावर. एक म्हातारा शिडीवर चढून बसला आणि तिथूनच शिव्या घालत होता. आता तोच त्याला मटणाचे तुकडे आणून देतो. फुटलेला डोळा वाळला आहे. त्या बाजूनं कुणी आलं की अजून दचकतो.

माझी नेमणूक तीन वर्षांसाठी मुलींच्या शाळेत आहे. गणित शिकवायचं. तिथल्या सरकारनं हिंदुस्थानातून बरेच शिक्षक नेले आहेत, त्यात पुण्याचेही दोघं-तिघं असतील. राहायला घर देणार आहेत, मागं अंगण आहे म्हणे. मी अर्जातच लिहिलं होतं की मोठा कुत्रा बरोबर येईल, चालत नसेल तर मीही येणार नाही. त्यांनी चालेल म्हणून कळवलं.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा घेतला, डेकवर फेरी मारली, कुत्र्याजवळ येऊन परत बसले. खुशाली कळवायची असती तर चार ओळींचं कार्ड पुरलं असतं.

दादा, मुंबईच्या धक्क्यावर तू सगळ्यांदेखत रडलास. मला वाटलं, आज हा माफी मागणार. आणि तू काय म्हणालास? ‘सगुणे, धनी त्यो धनीच असतुय. त्या दिशी तू जशी वरडत व्हतीस, काळीज फाटलं माजं. यशवंतरावबी म्हंतो, तिनं मला वाचवायला लई केलं. तीन वरसं जाऊ दे. मग ये, त्यो वाट बघतुय. म्या तुजा शबुद दिलाय त्याला.’

भोंगा झाला आणि मला शिडी चढावी लागली. नाहीतर तिथंच तोंड उघडलं असतं. माझा शब्द तू कसा दिलास? गाय विकताना तरी माणूस तिच्या पाठीवर हात ठेवतो. आणि चाकणात, माझ्या सासरी माणला, पाहुण्यारावळ्यांत तू सांगत सुटला आहेस की बहिणीनं नवऱ्यासाठी जिवाचं रान केलं. मारझोड सोसून झाली, पळून गेलेली म्हणवून घेऊन झालं, त्याला माझी हरकत नाही. पण पतिव्रता मी म्हणवून घेणार नाही. म्हणून भाऊबीजेचा दिवस पुन्हा लिहिते. तू तिथं होतास, पण तुला त्यातलं काही कळलेलं नाही.

तू येणार म्हणून मी हरखले होते. सासरहून पळाले, पुण्याला राहून बी.ए., बी.टी. झाले, कासारवाडीला खोली घेतली, नोकरीला लागले, एवढ्या वर्षांत तू उंबऱ्याला पाय लावला नव्हतास. लहानपणी कुत्रं चावल्यापासून तू भितोस, म्हणून मी कुत्र्याला परसात दाव्यानं बांधलं. करंज्या केल्या. पाट मांडला, रांगोळी घातली. तुला ओवाळलं. तू तबकात काहीच टाकलं नाहीस, दाराकडं बघितलंस, आणि दारातून यशवंतराव आत आले.

भावानं बहिणीला ओवाळणीत नवरा घातला, असं कुठं ऐकलं आहेस का?

त्यांनी पहिली लाथ निरांजनाला मारली. तापलेलं तेल माझ्या पावलावर सांडलं, तो डाग अजून आहे. मग वेणी हाताला वेढली, माणला असताना वेढत तशीच, आणि भिंतीवर डोकं आपटलं. ‘परदेशात जाती? कुनासंगं जाती?’ एवढं एकच विचारत होते आणि उत्तराआधी आपटत होते. माझा दात पडला तो तुझ्या पाटावर. रांगोळीवर रक्त सांडलं. मी ‘सोडा, सोडा’ म्हणत होते. तू दारात काठी घेऊन उभा होतास आणि म्हणालास, ‘सगुणे, गुमान चल. चार लोकांत शोभा नगं.’ बाहेर तुझी बैलगाडी उभी होती. नवी नवरी असताना पाठीवर आसुडाचे वळ घेऊन मी तुझ्याकडं पळून आले, तेव्हाही मला परत पोचवायला हीच गाडी तू जुंपली होतीस.

त्यांनी मला फरफटत अंगणात आणलं. माझं ओरडणं ऐकून कुत्र्यानं दावं तोडलं. तू त्याला बघून भिंतीला चिकटलास आणि काठी आपटत ओरडलास, ‘हाड! हाड!’ तो धावत तुझ्याकडं आला. तेव्हा यशवंतरावांनी गाडीच्या जुवातली शिवळ, हातभर लाकडी खुंटी, उपसून त्याच्या डोक्यात घातली. डोळा फुटला. तो केकाटत परसात गेला, जळणाच्या ढिगामागं. यशवंतरावांनी शिवळ टाकून त्याच हातानं मला उठवायला म्हणून केस धरले, आणि पोटात लाथ घातली.

मग मी ओरडले. ‘हाड! हाड! हाड!’

पुढचं तू बघितलंस. तो परत आला आणि त्यानं तेच मनगट धरलं. यशवंतराव दुसऱ्या हातानं त्याला बुकलत होते, तो सोडेना. त्यांना खाली पाडून त्यानं अंगणभर ओढलं, जसं मला ओढलं होतं. मी ओरडतच होते. मांस फाटताना कापड फाटल्यासारखा आवाज येतो, तो तूही ऐकला असशील. तू काठी टाकून गाडीवर चढलास. शेजारी जमले, कुणी पुढं होईना.

ससूनमध्ये त्यांचा हात कोपरापासून काढला. फौजदार आला तेव्हा माझ्या घरमालकीणबाई, गोजाबाई, पदर सावरून पुढं झाल्या. ‘बाई घसा फुटस्तवर हाड हाड वरडत व्हत्या सायेब. म्या माज्या कानानं ऐकलं. त्यांचा काय दोस?’ शेजाऱ्यांनी तेच सांगितलं, आणि तूही तेच सांगितलंस. मग बोल लागला तो मुक्या जनावराला. त्याला गोळी घालावी म्हणून तू किती खेटे घातलेस! कुत्रा देशाबाहेर जाणार, माघारी येणार नाही, असं मी लिहून दिलं तेव्हा फौजदारानं त्याला जगू दिलं.

गोजाबाईंनी एक अक्षर खोटं सांगितलं नाही. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, ती कुणी विचारली नाही.

धनगरांचा कळप चिंचवडवरून पुढं गेला, त्यात मागं राहिलेलं पिल्लू मी घरी आणलं होतं. हौसेनं नाव ठेवलं अर्जुन. मी दिवसभर शाळेत, पिल्लू गोजाबाईंच्या पायात. ते चुलीपाशी गेलं की म्हातारी ओरडायची, ‘हाड! हाड मेल्या!’ आणि मग जीव कळवळून भाकरीचा तुकडा टाकायची. रोज हेच. त्यानं काय समजावं? अर्जुन म्हणून मी घसा कोरडा केला तरी तो कान हलवत नाही. हाड म्हटलं की परसाच्या टोकावरून धावत घरात येतो. हाड म्हणजे तो. हाड म्हणजे ये, तुझं माणूस बोलावतं आहे.

घराबाहेर हे मी कुणाला कळू दिलं नाही. मास्तरीणबाई रस्त्यात हाड हाड करत कुत्र्याला बोलावते, हे कसं दिसलं असतं? चारचौघांत साखळीच धरायची. मुंबईला बोटीच्या कचेरीत मात्र पंचाईत झाली. कारकुनानं कुत्र्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, ‘हाड.’ तो बिचारा खुर्ची मागं सारून उठला. ‘बाई, मी नीट विचारतोय,’ म्हणाला. तेवढ्यापुरतं मला हसू आलं.

आता तो दिवस पुन्हा आठव. तू हाड म्हणालास तेव्हा तो तुला चावायला आला नव्हता दादा. शेपूट हलवत आला होता. घरी पाहुणा आला आणि त्यानं आपल्याला नावानं हाक मारली, म्हणून आला होता. त्याचा डोळा तुझ्या हाकेनं गेला.

आणि तो एकदा मार खाऊन पळाला होता. मी गप्प राहिले असते तर पुन्हा ढिगामागून बाहेर आला नसता. त्याचा डोळा फुटलेला असतानाही मी त्याला परत बोलावलं. मनगट धरल्यावरही बोलावत राहिले, कारण माझा आवाज आहे तोवर तो सोडणार नाही हे मला माहीत होतं. हाड मोडल्याचा आवाज आला, मग मी जवळ गेले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘सोड.’ त्यानं तत्क्षणी सोडलं. मी माणच्या त्या घरात इतक्या वेळा सोडा म्हटलं, एकदाही कुणी सोडलं नव्हतं. जनावरानं एकदा सांगितल्यावर ऐकलं.

मला पश्चात्ताप नाही. वाईट एवढंच वाटतं की त्याच्या डोळ्याची किंमत मला भरता येणार नाही.

हे पत्र फौजदाराला दाखवायचं असेल तर दाखव. यशवंतरावांना मात्र वाचून दाखवच. त्यांना सांग, सगुणा वाचवायला नव्हती ओरडत. वाट बघू नका, दुसरं बघा. पण ज्या घरची मुलगी करतील, तिच्या भावाला आधी हे पत्र दाखव. मी दिलेला शब्द एकच, तो फौजदाराला दिला आहे: कुत्रा माघारी येणार नाही. तो जिथं असेल तिथं मीही असेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझ्यावरची माया अजून सगळी गेलेली नाही, याचाच मला राग येतो. पुढच्या भाऊबीजेला मी ओवाळीन. ज्याला ओवाळीन तो आत्ता पायाशी झोपला आहे.

तुला कधी इकडं यावंसं वाटलं तर एकटा ये. अंगणात शिरताना त्याला नावानं हाक मार. तो शेपूट हलवतच येईल, त्यानं तुझ्यावर राग धरलेला नाही. त्याला तो धरता येत नाही.

तुझी बहीण,
सगुणा

ता. क. नावाआधी सौ. लिहायचं राहिलेलं नाही. सोडलं आहे.