खोडलेला काना

नंदुरबार,
२५ जानेवारी

प्रिय रिषभ,

"उन्हाळा मोजायचा नसतो, काढायचा असतो," असं बापूजी एकदा आपल्या दोघांना म्हणाले होते. तुला कदाचित आठवणार नाही, तू सातवीत होतास. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक दप्तरात लपवून घरी आणला होता आणि तू तो दुकानातल्या पत्र्यांच्या थप्पीवर ठेवून पारा कुठवर चढतो ते बघत बसला होतास. बापूजी रागावले नाहीत. गिऱ्हाइकाला खिळे मोजून दिले, आपल्याकडे वळले, एवढं वाक्य बोलले आणि दुसऱ्या दिवशी तो तापमापक मला सरांना परत द्यायला लावला. आता मीच मुलांना विज्ञान शिकवते, आणि गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरांत जाऊन ऊन मोजते.

हे पत्र फत्तेसिंगभाऊंच्या हाती देते आहे. ते एसटीतून निवृत्त झाले, तरी गाडीत बसले की अजून शेजारच्याचं तिकीट बघतात. आमच्या गटातले तेच सगळ्यात नेमाचे. सोबत आईच्या गुडघ्यांसाठी तेल आहे, ते तिला कोमट करून लावायला सांग. किंजलला म्हणावं, बारावीची परीक्षा झाली की आत्याकडे राहायला ये. मी समोर येऊनच बोलायला हवं होतं, हे कळतं मला. पण दिवाळीपासून तीनदा आले आणि तीनदा तू चहा सांगितलास. चहा आला की विषय संपतो, हे आपल्या घरात बापूजींपासून चालत आलंय.

आमचं काम तुला लांबूनच माहीत आहे, म्हणून थोडं सांगते. आम्ही अकरा जण आहोत. साधे भिंतीवरचे तापमापक घेतले आणि खांडबाऱ्यापासून चिंचपाड्यापर्यंत चाळीस घरांत आणि सहा अंगणवाड्यांत लावले. दुपारी दोन वाजता आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा, एवढंच. बाहेर सावलीत बेचाळीस असतं तेव्हा मीनाबाईंच्या अंगणवाडीत सेहेचाळीस असतं. सत्तावीस मुलं आहेत तिथे. मीनाबाई पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "ताई, हाऊ काटा मन्ही सासूना मायक शे. वर चढना की खाले उतरस नही." त्या हसल्या, मीही हसले. मग त्यांनी ओला पंचा पिळून एका पोराच्या मानेवर ठेवला आणि पुन्हा आकडा लिहायला बसल्या. बाजारात टोमणेही ऐकले. आपल्या दुकानासमोर भाजी घेऊन बसणाऱ्या कौसाबाई तर दर शनिवारी मोठ्याने म्हणायच्या, "बाप पत्रा इकस, आंडेर ऊन मोजस!" शेठच्या लेकीला ऐकू जावं म्हणूनच म्हणायच्या. बापूजी गल्ल्यावरून ऐकायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

आता जिल्ह्याचा उन्हाळ्याचा आराखडा ठरतो आहे. कुठल्या गावांत आधी काम करायचं, कुठल्या अंगणवाड्यांच्या पत्र्याखाली छत घालायचं, दुपारी बारा ते चार कुठली सभागृहं लोकांसाठी उघडी ठेवायची, हे त्यात लिहिलं जाईल. सूचना द्यायची मुदत शुक्रवारी संपते. मागच्या आठवड्यात त्याच्या बैठकीला गेलो, तेव्हा आमच्या वह्या तिथल्या मॅडमनी पानन् पान बघितल्या. मग एक तक्ता पुढे केला. गेल्या उन्हाळ्यात उन्हाने किती माणसं गेली, याच्यापुढे आपल्या भागासाठी शून्य होतं. त्या म्हणाल्या, "अंश खूप आहेत तुमच्याकडे, पण माणूस नाही. शून्यावर मी तुमची गावं वर कशी घेऊ? घरच्यांनीच सांगितलं नाही तर मृत्यूच्या दाखल्यावर येणार कुठून? घरचे लेखी द्यायला तयार असतील तर नावं आणा, मी जोडते." बाई तरुण होत्या आणि खरं बोलत होत्या.

आम्हाला तर अशी सात घरं माहीत आहेत. कौसाबाईंचे यजमान रेवजी त्यांतले एक. मे महिन्यात भर दुपारी घरातच गेले. लोक म्हणाले, प्यायचा म्हणून गेला. एका म्हातारीला म्हणाले, वय झालं होतं. एका बाईला आधीपासून दम होता. प्रत्येकाच्या मरणाला दुसरं काहीतरी नाव मिळालं आणि उन्हाच्या वाट्याला कोणीच आलं नाही. मी कौसाबाईंकडे गेले, अर्ज वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "शेठ तपमा गया आनि आमना माणूस ऊनमा मरी गया, आसं कसं वं बाई? पहिलं शेठनं नाव लिखा, मंग आमना घरनं लिखजा." त्यात टोमणा नव्हता रे. तो असता तर मला सोपं गेलं असतं. बाकीच्या पाच घरांनीही थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. सातवं घर आपलं.

म्हणून बापूजी गेले त्या दिवसाबद्दल तुला एक गोष्ट सांगते. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. अखातीजेला, अक्षय्य तृतीयेला, तेरा दिवस उरले होते. बापूजींचं वर्षीतप, वर्षभराचे एकाआड एक उपवास, पुरं होणार होतं, पारण्याच्या उसाच्या रसासाठी ब्राह्मणपुरीच्या नवनीतभाऊंनी ऊस राखून ठेवला होता. त्या दिवशी उपवास होता. दुपारी ते नेहमीसारखे मागच्या गोदामात सामायिकाला, ध्यानाला बसले. तू सुरतेला माल बघायला गेला होतास. मी रविवार म्हणून आले होते. तीन वाजून गेले तरी ते बाहेर आले नाहीत, म्हणून आईने मला पाठवलं. ते लोकरीच्या कटासण्यावर बसलेलेच होते, भिंतीला टेकून. उकळून गार केलेलं पाणी लोट्यात अर्धं शिल्लक होतं आणि ते पुन्हा कढत झालं होतं. मी त्यांचा हात धरला. हात कोरडा होता, घामाचा थेंब नाही, आणि इतका तापलेला की मी क्षणभर सोडला.

डॉक्टर आले, तोवर माणसं जमली होती. सगळे हात जोडून उभे होते, तपात मरण आलं, केवढं भाग्य, म्हणत होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ऊन लागलं असेल का?" आणि मी, चाळीस घरांत तापमापक टांगणारी, म्हणाले, "नाही. त्यांचं तप चालू होतं. वयही होतं." आईच्या चेहऱ्यावर तेव्हा एक समाधान होतं, ते मला मोडवलं नाही. त्या शून्यात माझंही एक शून्य आहे, रिषभ.

मग शोकपत्रिका छापायला दिली. छापखान्यातल्या पोराने 'वर्षीतप' ऐवजी 'वर्षीताप' केलं होतं. तू लाल पेनने तो काना खोडलास, दोनदा, कागद फाटेपर्यंत. मला तेव्हा वाटलं, तू चुकीवर रागावला आहेस. नंतर कळलं की तुलाही तोच काना दिसला होता.

तुझ्या मनात काय आहे, ते मी ओळखते. आठ वर्षांपूर्वी गोदामाची कौलं उतरवून तू पत्रा टाकलास. कौलं गळत होती, बापूजींच्या कटासण्यावर पाणी ठिबकत होतं, आणि तू स्वतः वर चढून दोन दिवसांत काम उरकलंस. बापूजी किती खूश होते! तेव्हा आपल्यापैकी कुणी उन्हाचा विचार केला नाही. मीही केला नाही. नंतर तीन वर्षं गावोगाव तापमापक लावत फिरले, पण आपल्या गोदामात एकही टांगला नाही. ते गेल्यावर महिनाभराने, तू जेवायला घरी गेला होतास तेव्हा, मी तिथे एक लावून आले. अडीच वाजता सत्तेचाळीस होतं. पत्रा येण्याआधी बापूजींनी चाळीस वर्षं उपवास केले, कौलांखाली बसून केले, आणि प्रत्येक वेळी पारण्याला हसत उठले. त्यांच्या तपात काही कमी नव्हतं. त्यांचं पुण्य कुणी काढून घेत नाही आणि तुझ्यावर कुणी बोट ठेवत नाही. कागदावर फक्त एवढंच लिहायचं आहे की त्या दुपारी ऊन होतं.

मुलगी म्हणून माझी सही चालते, मी विचारून घेतलं आहे. पण तुझ्यामागे मी ती करणार नाही. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "रिषभ ने पूछ." म्हणून विचारते. शुक्रवारी सकाळच्या गाडीने नंदुरबारला ये, आणि अर्जातलं पहिलं नाव तुझ्या हाताने लिही, बापूजींचं, शांतिलालजींचं. दुकानाचं काय, समाज काय म्हणेल, आईला काय वाटेल, हे सगळं तू म्हणशील आणि त्यातलं काहीच खोटं नसेल. तू नाही म्हणणार, हे धरूनच मी लिहायला बसले. तरी स्टेशनवर मी थांबलेली असेन. येशील?

तुझीच,
नेहलजीजी